वार ठरवा, भाजी आपोआप ठरेल

संध्याकाळचे साडेसहा वाजले की मराठी घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. आज रात्री काय करायचं? उत्तर बहुतेक वेळा 'काहीही कर' असं येतं. हे 'काहीही' म्हणणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्याला मोकळीक दिली. पण त्याने काम तसूभरही हलकं होत नाही. फ्रिजमध्ये काय उरलंय, कोणती भाजी उद्यापर्यंत टिकणार नाही, सकाळी डब्यात काय दिलं होतं, सासऱ्यांना वांगं चालत नाही, धाकटीला सर्दी आहे म्हणून कढी नको, उद्या संकष्टी आहे म्हणून आज जरा पोटभरीचं हवं, हा सगळा हिशेब विचारणारीनेच मांडायचा आणि मग कणीक भिजवायला घ्यायची. स्वयंपाकाच्या कष्टांविषयी आपण हल्ली थोडंफार बोलतो. त्याच्या आधीच्या या ठरवण्याच्या कष्टांविषयी अजून फारसं कुणी बोलत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्या कामांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ही कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात आढळलं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणून नव्हे, कारण त्यांचाही वेळ कमीच झाला. बरं, हे आकडे हातांनी केलेल्या कामाचे आहेत. लोकलमध्ये उभ्या उभ्या 'घरी कोथिंबीर आहे का' याचा जो विचार चालतो, तो कागदावर प्रवास म्हणूनच मोजला जाणार.

यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे रात्रीच्या जेवणाला वार नेमून देणं. पदार्थ नेमायचा नाही, फक्त प्रकार नेमायचा. बुधवारी उसळ, एवढंच ठरवायचं. कोणती उसळ, ते त्या आठवड्याला ठरेल. 'आज काय करू' या प्रश्नाला शंभर उत्तरं असतात. 'आज कोणती उसळ करू' याला चार-पाचच असतात, आणि त्यातली दोन डब्यात काय शिल्लक आहे ते पाहूनच गळतात.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्या घरांत वार आणि ताट यांची सांगड फार जुनी आहे. कुणाकडे सोमवार, कुणाकडे गुरुवार शाकाहारी, कुणाच्या शनिवारी उपास. मासे खाणाऱ्या घरांना बुधवार, शुक्रवार आणि रविवारची वाट पाहण्याची सवय असते. पुण्यात खाणावळीत जेवून शिकलेल्या कुणालाही विचारा, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री खाणावळ बंद हे त्यांना पाठ असतं. शाळेच्या पोषण आहारातही कोणत्या वारी काय शिजवायचं ते ठरलेलं असतं. जिथे रोज मोठ्या संख्येने माणसं जेवतात, तिथे रोज नव्याने विचार करणं कुणालाच परवडत नाही. बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. स्वीडनमध्ये गुरुवारी वाटाण्याचं पिवळं सूप आणि मागोमाग पॅनकेक खाण्याची रीत आजही टिकून आहे. शुक्रवारच्या उपासाच्या आदल्या दिवशी पोटभर खाण्याची ती जुनी सोय असल्याचं मानलं जातं. जपानच्या सागरी संरक्षण दलात शुक्रवारी करी-भात ठरलेला असतो. घरात जेवणारी माणसं चार असली म्हणून शिस्तीची गरज कमी होत नाही, उलट शिजवणारी एकटी असते म्हणून ती जास्तच लागते.

आता वार लावायचे कसे? इथे बहुतेकजण आवडीपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, सुरुवात भाजीच्या पिशवीपासून करावी. रविवारी मंडईत गेलात तर मेथी, चुका, चाकवत, अळू यांचा जीव दोन दिवसांचा. म्हणून सोमवार पालेभाजीचा. आज मेथीची गोळाभाजी, पुढच्या सोमवारी ताकातला पालक, त्यापुढच्या सोमवारी अळूचं फदफदं. दुधी, भोपळा, कोबी थांबू शकतात, त्यांना मंगळवार द्या. गावात आठवडी बाजार गुरुवारी भरत असेल तर तुमचा आठवडा गुरुवारी सुरू होईल आणि पालेभाजी शुक्रवारी येईल. कॅलेंडरवरचा सोमवार काही देवाने पालेभाजीसाठी राखून ठेवलेला नाही.

आठवड्याच्या मध्यावर, म्हणजे ताजी भाजी संपत आली की कडधान्याचा वार यावा. मोड आलेली मटकी ही ऐनवेळी सुचून होणारी गोष्ट नाही. बुधवारी उसळ हवी तर सोमवारी रात्री मटकी भिजत पडायला हवी, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायला हवी, तेव्हा बुधवारी तिला बोटभर मोड दिसतात. थंडीत आणखी थोडा वेळ आणि उबेची जागा लागते. वाल तर याहून हट्टी, त्यांना मोड यायला वेळ लागतो आणि नंतर कोमट पाण्यात घालून सोलत बसावं लागतं. वार ठरलेला नसेल तर डाळिंब्यांची उसळ घरात होतच नाही, कारण ती आठवते तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या कितीतरी चांगल्या पदार्थांची नावं नुसती बोलण्यात उरली आहेत ती चव विसरली म्हणून नव्हे, तर दोन दिवस आधी आठवण करून देणारं कुणी नाही म्हणून. बुधवार उसळीचा केला की एका आठवड्यात मटकी, दुसऱ्यात डाळिंब्या, तिसऱ्यात मालवणी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि जमलं तर आंबोळ्या, चौथ्यात कोल्हापूर-सांगलीकडचा अख्खा मसूर, मधेच कधी गोव्याकडची मुगागाठी. महिना भरतो आणि एकही पदार्थ पुन्हा येत नाही.

याहून मला प्रिय आहे तो बेसनाचा वार. तो गुरुवारी किंवा शुक्रवारी ठेवावा, पिशवीच्या तळाशी दोन कांदे आणि मिरच्याच उरलेल्या असतात तेव्हा. बेसनाचा डबा प्रत्येक घरात असतो आणि त्यातून महाराष्ट्राने काय काय काढलं आहे ते पाहिलं की अभिमान वाटतो. पातळ पिठलं, कोरडा झुणका, विदर्भातली पाटवडी आणि तिचा जाळ रस्सा, आंबट-गोड गोळ्यांची कढी, खानदेशातली शेवभाजी. जुन्नर भागातली मासवडी वेळखाऊ आहे, ती सणासुदीला ठेवा. पण बाकीचं सगळं तासाभरात होतं, स्वस्तात होतं आणि ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरीसोबत पूर्ण जेवण होतं. भाकरी थापता येत नसेल तर पोळी चालेल, भातही चालेल. नोकरीवर जाणाऱ्या तरुण जोडप्यांना मी आवर्जून सांगेन, सगळे वार लावणं जमत नसेल तर एवढा एक लावा. घरी पोचायला उशीर झाला म्हणून फोनवरून जेवण मागवण्याचे प्रसंग त्याने नक्की कमी होतात.

उरलेल्या वारांबद्दल थोडक्यात. एक वार एका भांड्याचा असावा, मुगाची खिचडी, वरणफळं, मसालेभात यांपैकी काहीतरी. कधी त्याच वारी आंबवलेल्या पिठाचं काही, कारण इडलीचं पीठ एकदा वाटलं की पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी उत्तप्पा आणि उरलंसुरलं आप्प्यांत जातं. एक मुलांचा, आणि तो खरोखर मुलांचा. पावभाजी की थालीपीठ हे त्यांनी ठरवावं आणि बटाटे सोलण्यापासून ताटं मांडण्यापर्यंतची कामंही त्यांनी करावी. आणि एक वार मोकळा सोडा. पाहुणे येतात, कामावर थांबावं लागतं, दुपारच्या पोळ्या जास्त होतात. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात यांनाही त्यांचा हक्काचा दिवस हवा.

मासे खाणाऱ्या घरांना वेगळी मांडणी लागत नाही, फक्त ऋतूचं भान लागतं. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा शुक्रवार मासळीचाच राहतो, पण ताज्या बांगड्याऐवजी सुकट, सोडे, सुके बोंबील येतात. पुढे श्रावण पाळणाऱ्यांचा तोच शुक्रवार महिनाभर दुसऱ्या कशाला तरी द्यावा लागतो. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य असणाऱ्या घरांतही वार मोडत नाहीत. उसळ उसळच राहते, वाटणात आलं-खोबरं येतं. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा झाला की वांगंही आपल्या वाराला परत येतं. ठरलेल्या चौकटीत ऋतू सहज सामावतो, हे आपल्या पंचांगाने पिढ्यान्पिढ्या दाखवलेलं आहे.

एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मोबाइलवर हल्ली जे वारांचे तक्ते फिरतात, त्यांत सोमवारी मेक्सिकन, मंगळवारी थाई, बुधवारी इटालियन अशी रोज एका देशाची सफर असते. प्रत्येक देशासाठी वेगळी बाटली, वेगळा सॉस, वेगळं चीज. त्या बाटल्या एकदा उघडतात आणि फ्रिजच्या दारात वर्षभर उभ्या राहतात. हौस म्हणून महिन्यातून एकदा जरूर करावं, मुलांना जगाची चव कळायलाच हवी. पण वार लावण्याचा हेतू घरातल्या बाईचा विचार आणि पैसा वाचवण्याचा आहे. जी योजना तिला आणखी एका दुकानात पाठवते, ती योजना घरात घेऊ नये.

काहीजणी म्हणतील, दर बुधवारी उसळ म्हटलं की घरच्यांना कंटाळा येईल. मला उलटं दिसतं. कंटाळा येतो तो वार न ठरवलेल्या घरात, कारण दमलेलं डोकं रोज त्याच चार भाज्यांकडे वळतं. बटाटा, फ्लॉवर, कोबी, भेंडी, पुन्हा बटाटा. शिवाय घरातल्या ज्येष्ठांना मधुमेह असेल, कुणाला तिखट चालत नसेल, तर वार माहीत असल्याने त्यांचं वेगळं काही आधी काढून ठेवता येतं. फोडणी घालण्यापूर्वी वाटीभर वरण बाजूला काढणं सोपं असतं, रात्री आठ वाजता दुसरा स्वयंपाक करणं नव्हे.

पण वार लावण्याचा सगळ्यात मोठा फायदा भाजीपाल्याशी संबंधित नाहीच. आज जेवणाचा सगळा आराखडा एकाच बाईच्या डोक्यात असतो. ती आजारी पडली, माहेरी गेली किंवा तिला कामावर उशीर झाला तर घरातली धडधाकट माणसं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फोन करतात, तिखटाचा डबा कुठे आहे? तोच आराखडा कागदावर उतरून ओट्याजवळच्या भिंतीवर लागला की तो सगळ्यांचा होतो. वाचता येणाऱ्या कुणालाही कळतं की उद्या उसळ आहे आणि नारळ आणायचा आहे. मग एकेक वार दुसऱ्याच्या नावावर करता येतो. खिचडीचा वार नवऱ्याच्या नावावर, पावभाजीचा थोरल्याच्या. मात्र वार घेतला तर तो पूर्ण घ्यावा. डाळ-तांदूळ आहेत का पाहणं, नसतील तर आणणं, शिजवणं, वाढणं, उरलेलं झाकून ठेवणं आणि ओटा पुसणं, हे सगळं त्यात आलं. फक्त कुकर लावून 'मी केलं' म्हणणाऱ्याने वार घेतला असं मी मानत नाही. पहिल्या काही वेळा खिचडी बुडाला लागेल, मीठ कमी पडेल. तेव्हा त्या दिवशी नेहमीच्या स्वयंपाकिणीने आत डोकावू नये, ही तिला माझी कळकळीची विनंती आहे. जे पानात येईल ते तिने जेवावं आणि उठून पुस्तक वाचत बसावं.

ज्या घरांत रोजची भाजी रोजच्या मजुरीवर ठरते, तिथे सात वारांचा तक्ता उपयोगाचा नाही, हे मला कळतं. तिथला प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर या सदरात स्वतंत्रपणे लिहायला हवं. पण ज्यांच्या घरात डबे भरलेले आहेत आणि तरीही संध्याकाळ जड जाते, त्यांनी हे करून पाहायला हरकत नाही.

येत्या रविवारी मंडईतून आलात की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. पाठकोरा कागद घ्या, सात वार लिहा, त्यासमोर प्रकार लिहा. सात जमत नसतील तर तीन लिहा. निदान एका वारासमोर अशा माणसाचं नाव घाला, ज्याने आजवर रात्रीचं जेवण ठरवलेलं नाही. आणि बुधवार उसळीचा ठेवणार असाल तर सोमवारी रात्री मटकी कोण भिजत घालणार, तेही त्याच कागदावर लिहून टाका.