न मोजले जाणारे दूध

तारळी आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या उंब्रजच्या परिसरात दुधाचे मोल कोणाला शिकवावे लागत नाही. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर गाई-म्हशींचे दूध मापले जाते, त्यातील स्निग्धांश तपासला जातो आणि ठरल्या दिवशी त्याचा हिशेब उत्पादकाच्या हाती पडतो. एखादे जनावर दोन दिवस कमी दूध देऊ लागले तर वैरण बदलली काय, धार काढणारा हात बदलला काय, याची चौकशी घरातील प्रत्येक जण करतो. त्याच घरात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी चौथ्या दिवशी रडवेली होऊन ‘बाळाला दूध पुरत नाही’ असे म्हणते, तेव्हा मात्र कारण शोधले जात नाही. निकाल तेवढा दिला जातो. कोणी तिच्या खाण्याला दोष देतो, कोणी तिच्या प्रकृतीला, आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानातून दूधभुकटीचा डबा घरी येतो.

हा प्रश्न बायकांच्या खोलीतला आहे, असे समजून सुशिक्षित पुरुषवर्गाने त्याकडे आजवर पाठ फिरविली. वस्तुतः तो वेळेचा, श्रमाचा आणि ज्ञानाच्या वाटपाचा प्रश्न आहे. म्हणजेच तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

वजनाचा हिशेब

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत निरोगी अर्भकाचेही वजन थोडे घटते. ही घट जन्मवजनाच्या सात टक्क्यांच्या आसपास असली तर तीत वावगे काही नाही. ती दहा टक्क्यांपर्यंत पोहोचली तर मात्र डॉक्टरांनी लक्ष घालणे आवश्यक ठरते. गेलेले वजन साधारणतः दोन आठवड्यांत भरून येते, आणि त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ‘बाळसे धरणे’ या शब्दप्रयोगात आपल्या पूर्वजांनी जे पाहिले, तेच आज तराजू ग्रॅममध्ये सांगतो.

हा साधा हिशेब घरात ठाऊक नसल्यामुळे दोन परस्परविरुद्ध चुका होतात. तीन किलोचे बाळ चौथ्या दिवशी पावणेतीन किलोंच्या जरा वर भरले की घरचे घाबरतात आणि अनावश्यक डबा उघडतात. उलटपक्षी, तीन आठवडे झाले तरी जन्मवजन न गाठलेले बाळ ‘शांत आहे, रडत नाही’ म्हणून कौतुकाचा विषय होते. ही दुसरी चूक अधिक घातक होय. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वेळांपेक्षा कमी लघवी होणे, बाळ सतत झोपून राहणे, पाजण्यासाठी जागे न होणे, कावीळ वाढत जाणे, ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठला पाहिजे.

विहिरीचा न्याय

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण बाळंतिणीला हमखास ऐकविली जाते. परंतु मातेचे दूध हा साठवणीचा हौद नव्हे. ती झऱ्याची विहीर आहे. उपसा झाला की झरे मोकळे होतात, उपसा थांबला की बुजतात, हे कोणताही शेतकरी जाणतो. बाळ जितके ओढते, तितके दूध शरीर निर्माण करते. येथे मागणीच पुरवठा घडविते, आणि मागणी कृत्रिमरीत्या कमी केली की पुरवठाही आटतो. एक बाटली दिली की बाळ पुढच्या वेळी कमी ओढते. कमी ओढल्याने दूध कमी होते. दूध कमी झाले म्हणून दुसरी बाटली येते. बँक बुडणार या अफवेने ठेवीदारांची रांग लागावी आणि त्या रांगेमुळेच सुस्थितीतील बँक बुडावी, तसा हा प्रकार आहे. शेवटी ‘आम्ही म्हणत होतोच’ असे म्हणावयास सर्व मोकळे!

बहुसंख्य बाबतींत अडचण दुधाच्या अभावाची नसून ते बाळाच्या पोटात न पोहोचण्याची असते. बाळाच्या तोंडात केवळ बोंडी गेली तर मातेला वेदना होतात आणि बाळाला दूध थोडेच मिळते. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले, तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडीभोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालचा, तोंडात गेलेला, अशी स्थिती साधली तर हेच चित्र पालटते. एक बाजू पुरती रिकामी होऊ देणेही तितकेच महत्त्वाचे, कारण शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश अधिक असतो. दूध मोजणाऱ्या प्रदेशात ही गोष्ट समजणे अवघड जाऊ नये. सडात राहिलेली अखेरची धारच दाट असते.

चिकाच्या बाबतीतही तोच विरोधाभास दिसतो. वासराला पहिला चीक मिळाला नाही तर ते जगणे कठीण, हे गोठ्यात सर्वमान्य आहे. परंतु माणसाच्या बाळासाठी तोच पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकावा आणि त्याऐवजी मध किंवा गूळपाणी चाटवावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि काही घरांत अजूनही गेलेली नाही. रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले हे काही चमचे बाळाचे पहिले संरक्षण होय.

दवाखाना आहे, आधार नाही

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. तरीही जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण केवळ ४१.८ टक्के होते. महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्या आहेत. सुईणीच्या हातून बाळंतपण प्रशिक्षित हातांत गेले, ही मोठीच कमाई. परंतु प्रसूती सुखरूप झाली की आपले काम संपले, असे मानणाऱ्या व्यवस्थेत पहिला तास आणि पहिला आठवडा निराधार राहतो. राज्यात साधारण चारांतील एक प्रसूती शस्त्रक्रियेने होते. शस्त्रक्रिया झालेल्या मातेला कुशीवर वळविण्यासाठी, बाळ तिच्या जवळ आणून देण्यासाठी जास्तीचे दोन हात लागतात, आणि नेमके तेच उपलब्ध नसतात.

मार्ग दाखविणारी उदाहरणे याच महाराष्ट्रात आहेत. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना डब्याच्या भुकटीऐवजी दुसऱ्या मातांनी दिलेले दूध देता येते, हे एका सार्वजनिक, गर्दीच्या रुग्णालयाने सिद्ध केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट नोंदविली गेली. पुढे हीच कल्पना देशाने स्वीकारली, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची योजना सुरू झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी द्यावयाच्या आणि वजन नोंदवायचे. मुंबईच्या आयआयटीत बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल आणि प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या प्रयत्नांतून बाळाला स्तनाशी कसे धरावे याचे बारकावे सांगणाऱ्या मराठी चित्रफिती तयार झाल्या आहेत. ज्ञान आहे, ते मायबोलीत आहे, विनामूल्य आहे. उणीव आहे ती चौथ्या दिवशी बाळंतिणीच्या खाटेपाशी ते घेऊन बसणाऱ्या माणसाची.

डब्यामागचे अर्थकारण

घरकाम करणाऱ्या बाईशी तिच्या मालकाने विवाह केला की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा प्रा. पिगू यांनी दाखविलेला विरोधाभास अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. मातेच्या दुधाचे तसेच आहे. रोज सरासरी पाऊण लिटर धरले तर सहा महिन्यांत एक माता सुमारे १३५ लिटर दूध निर्माण करते. त्याची नोंद कोणत्याही खतावणीत नाही. त्याऐवजी भुकटी आणली तर १७-१८ किलो, म्हणजे ४०० ग्रॅमचे चाळीसहून अधिक डबे लागतात, आणि त्यातील प्रत्येक डबा राष्ट्रीय उत्पन्नात भर घालतो! डब्यावरील छापील किंमत वाचून वाचकांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा. लिपिकाच्या पगारातही तो खड्डा पाडतो. मजुराच्या घरी तर डबा पुरविण्यासाठी भुकटी पातळ केली जाते, आणि बाळ पोट भरूनही उपाशी राहते.

ज्या वस्तूची जाहिरात करून कोणास नफा होत नाही तिची बाजू राज्यसंस्थेनेच घ्यावी लागते. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेने डब्याच्या दुधाच्या प्रचारावर मर्यादा घालणारी संहिता ११८ विरुद्ध एक अशा मतांनी संमत केली. विरोधाचे एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने १९८३ मध्ये आपली संहिता व १९९२ मध्ये कायदा केला, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या अशा पदार्थांची व बाटल्यांची जाहिरात आणि मोफत नमुने यांस भारतात बंदी आहे. परंतु जाहिरात बंद झाली म्हणून आधार निर्माण होत नाही. रिकामी राहिलेली जागा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीने भरते.

वेळ कोणाचा?

मूळ मुद्दा वेळेचा आहे. नवजात बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. हा वेळ कोठून यावयाचा? शालेय शिक्षण साताऱ्यात घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाचे समर्थन केले. बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार प्रामुख्याने सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबईचा कायदा, १९६१ चा केंद्रीय कायदा, २०१७ मध्ये २६ आठवड्यांपर्यंत वाढलेली रजा, आणि ती कायम ठेवणारी सामाजिक सुरक्षा संहिता, अशी ही वाट पुढे आली. शिक्षिका आणि कार्यालयातील कर्मचारी स्त्रिया यांना तिचा लाभ मिळतो, तो योग्यच आहे.

परंतु कराड तालुक्यातील उसाच्या फडात थंडीच्या दिवसांत जी स्त्री कोयता चालविते, तिच्यासाठी २६ आठवडे म्हणजे परीकथा. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस चुकला की खाडा. बाळ बांधावरच्या झोळीत, आई सरीच्या दुसऱ्या टोकाला. तिला दूध आहे. पाजण्यास वेळ नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. निव्वळ स्तन्यपानाच्या १८० दिवसांवर ते विभागले तर रोजचे २८ रुपयेही होत नाहीत. एवढ्या रकमेत मजुरी सोडून घरी बसा, असे या स्त्रीला सांगणे हा उपदेश नव्हे, थट्टा आहे. पाजणाऱ्या मातेस रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, म्हणजे एखाददुसरी जास्तीची भाकरी, वाटीभर उसळ आणि मूठभर शेंगदाणे. मजुरी बुडाली की पहिली कपात तिच्याच ताटात होते.

काही मातांना वैद्यकीय कारणांनी खरोखरच दूध कमी येते. काही बाळे इतकी अशक्त असतात की त्यांना ओढताच येत नाही. तेथे पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने देणे, पेढीतील दूध मिळविणे, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचा आधार घेणे, यांत कमीपणा नाही. मातेला गुन्हेगार ठरवून स्तन्यपानाचा प्रसार होत नसतो. दोषाची भीती हीच पान्ह्याची मोठी शत्रू आहे.

म्हणून मागणी मातांकडे नव्हे, समाजाकडे करावयाची आहे. प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाला धरण्याचे शिक्षण घेतलेली एक तरी परिचारिका असावी आणि पहिले पाजणे नीट झाल्याची नोंद घरी सोडण्यापूर्वी व्हावी. आशा कार्यकर्तीच्या सहा भेटी कागदावर न राहता तराजूसह व्हाव्यात, आणि त्या श्रमाचे तिला वेळेवर व पुरेसे मोल मिळावे. ऊसतोड मातांना गाळप हंगामातील बुडालेल्या मजुरीची भरपाई कारखाने आणि सरकार यांनी मिळून द्यावी. घरातील पुरुषाला पान्हा फुटत नसला तरी पाणी भरता येते, भाकरी भाजता येते, रात्री बाळ उचलून आईजवळ देता येते. आणि ‘दूध पुरत नाही’ असे म्हणणाऱ्यांना दारातच थांबविताही येते.

जनावराचे दूध घटले तर आपण कारण शोधतो. बाळंतिणीच्या बाबतीत तेवढे तरी करावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.