मोठीं चाकें आणि पुढचा आंस

काटोलच्या वाटेवर आमच्या कुटुंबाची संत्र्यांची बाग आहे. पावसाळ्यांत तिकडील काळी माती चाकांस अशी बिलगते कीं, आमची जुनी विलिज जीपहि तेथें हतबल होते. म्हणून पुतण्याच्या चिरंजीवांनीं मनसुबा केला कीं, तिचीं सुमारें २८ इंची चाकें काढून ३५ इंची बसवावींत. घरांत दोन पक्ष पडले व प्रकरण निर्णयास्तव आम्हांकडे आलें. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. परंतु त्याच गाडींतून सुना-नातवंडें बागेंत जातात, तेव्हां स्वस्थ बसवेना.

प्रथम आठवली ती चरकसंहिता. विमानस्थानांत अकालमृत्यूचा विचार करितांना आत्रेयांनीं गाडीच्या आंसाचाच दृष्टांत दिला आहे. चांगला आंस झिजत झिजत यथाकाल संपतो. तोच अतिभारानें, विषम मार्गानें, आडवाटेनें किंवा वंगणाच्या अभावीं मध्येंच मोडतो. चिरंजीवांचा बेत यांतील बहुतेक कारणें एकत्र आणण्याचा होता!

मग परिचयाच्या एका वृद्ध मिस्त्रींस घरीं बोलाविलें. ते म्हणाले, "मास्तर, हा आंस बैलगाडीच्या कण्यासारखा नुसता भार वाहत नाहीं." पोकळ नळींतून दोन दांडे फिरतात, आणि चाक वळत असतांहि फिरावें म्हणून टोकास एक सांधा असतो; त्यांतील चौफुलीस कारागीर 'क्रॉस' म्हणतात. चाकाची त्रिज्या १४ इंचांवरून साडेसतरा झाली कीं, जमीन तितक्याच जोरानें रेटण्यास दांड्यावर सव्वापट पीळ पडतो. टायरचें वाढीव वजन आणि धक्के निराळेच. चाक पूर्ण वळलेलें, दगडांत अडकलेलें आणि चालक हट्टानें इंजिनास जोर देत असला, म्हणजे क्रॉस तुटतो. त्याचे तुकडे शेजारच्या भागांस इजा करून गाडीचें वळणहि हातचें जाण्याचा संभव असतो. असा एक दुभंगलेला क्रॉस त्यांनीं खिशांतून काढून ओटीवर ठेविला. चिरंजीव तो बराच वेळ न्याहाळीत होते.

विलिज जीपचा मूळ पुढचा आंस डाना २५ या नांवानें ओळखला जातो, तो हलका. पुढें ३०, ४४, ६० असा दणकटपणा वाढतो, आणि ३५ इंची चाकास निदान ४४ असावा असा जाणकारांचा दंडक आहे. जुनाच आंस ठेवून दांडे मिश्र पोलादाचे केले तर ताण क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर जातो. नळीस खालून पोलादी कैची जोडावी, तर एकसलग वेल्डिंगच्या उष्णतेनें नळीच वांकते. डाग थोडे थोडे, थांबून थांबून द्यावे लागतात. शिवाय दात्यांचें प्रमाण त्याच सव्वापटीनें बदललें नाहीं, तर मोठ्या चाकांची गाडी चढावर धापा टाकते.

कायदाहि आहेच. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ वर्णनाशीं विसंगत फेरफारास आडवें येतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें उचलून धरिलें. बाग आमची असली तरी तिकडील रस्ता सरकारी आहे.

शेवटीं ठरलें तें असें: चाकें मूळ मापाचींच, पण चिखलास योग्य अशा खोल नक्षीचीं, उरलेल्या पैशांत पुढचा आंस पूर्ण उघडून क्रॉस, बेअरिंगें व तेलाचीं सीलें नवीं घालावयाचीं. चिरंजीव दोन दिवस अबोल होते. तिसऱ्या दिवशीं ग्रीसनें माखलेले हात घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशीं चहा मागत उभे राहिले, आणि त्यांच्या आजीनें त्यांस तेथूनच परतविलें.