तपासतक्त्यातला एक प्रश्न

मा. आरोग्यमंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, यांस



तिशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांच्या आरोग्याची घरोघर नोंद करणारी आमच्या गल्लीतली आशाताई आपल्या खात्याचा तपासतक्ता घेऊन गेल्या महिन्यात माझ्या ओटीवर बसली. तंबाखू खाता का, मद्य घेता का, कमरेचा घेर किती, व्यायाम किती, घरात कोणास मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार आहे काय, असे प्रश्न तिने क्रमाने विचारले आणि उत्तरे मनःपूर्वक टिपून घेतली. ज्या एका सवयीने माझ्या आयुष्याची वीस वर्षे व्यापली, तिच्याविषयी मात्र तिने काही विचारले नाही. तो प्रश्न यापुढे विचारला जावा, एवढीच मागणी घेऊन हा अर्ज मी आपल्या दरबारी जाहीरपणे रुजू करीत आहे.

ती सवय गोड खाण्याची. परंतु जिला आपण आवड म्हणतो, ती ही नव्हे. आवडीने खाणारा मनुष्य चारचौघांत बसून पानातली जिलबी चवीने खातो आणि हात धुऊन उठतो. मी मात्र शाळेत शिकवून घरी आल्यावर, सकाळपासून पोटात चहाखेरीज फारसे काही नसताना, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, दाराकडे कान ठेवून, बेसनाचा लाडू त्याची चव कळण्यापूर्वीच गिळीत असे. त्यामागून दुसरा, तिसरा, चौथा हाती येई, तो भुकेपोटी नव्हे, आणि पाचव्यानंतर मनात जे उरे, त्यास तृप्ती हे नाव देता येणार नाही. मग प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी उपास, आणि उपासाच्या संध्याकाळी पुन्हा तोच लाडवांचा डबा.

एका दिवाळीत तो डबा पाडव्यापूर्वीच रिता झालेला पाहून माझ्या यजमानांनी आमच्या नऊ वर्षांच्या मुलीस जाब विचारला. मी नाही खाल्ले, मी नाही खाल्ले, असे ती रडत रडत सांगत होती, आणि मी शेगडीकडे तोंड करून उभी होते. माझ्या मुखातून एक शब्द निघाला नाही. मधुमेहाचे निदान त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाले, परंतु आपल्याला काही दुखणे जडले आहे, याचा दाखला मला त्याच दिवशी मिळाला होता.

निदानानंतर मला मिळालेला उपदेश दोन शब्दांचा होता: गोड बंद. तो चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण बंद कसे करावे, हे त्यात नव्हते. देवापुढे शपथा घेतल्या, चातुर्मासात गोड वर्ज्य करण्याचा नेम धरला, आणि तो नागपंचमीपर्यंतही टिकला नाही. प्रत्येक मोडलेल्या नेमागणिक आपण दुर्बल आहोत ही खात्री वाढत गेली, आणि त्या खात्रीचे दुःख विसरण्यास पुन्हा गोडच जवळचे वाटू लागले.

सुटका झाली ती एका समुपदेशक बाईंकडे गेल्यावर. त्यांनी गोड सोडण्याची गोष्टच प्रथम काढली नाही. उपास सोडा, असे सांगितले. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, चार वाजता वाटीभर उसळ किंवा दही आणि रात्रीचे जेवण, यांच्या वेळा चुकवायच्या नाहीत. आणि काय खाल्ले, कुठे खाल्ले, त्या वेळी मनात काय होते, हे एका वहीत लगेच लिहायचे. महिन्याभराने ती वही चाळली, तेव्हा अनावर खाण्याच्या बहुतेक नोंदी रिकाम्या पोटीच्या, एकटेपणीच्या आणि चार ते सहा या वेळेतल्या निघाल्या. ज्यास मी माझ्या स्वभावातले पाप समजत होते, त्यास वेळ होती, कारण होते, आणि म्हणून उपायही होता. तिसरी अट अधिक कठीण होती: घरातल्या एका माणसाला सारे सांगावयाचे. मी मुलीला सांगितले. ती रागावली नाही. तिला ती दिवाळी जशीच्या तशी आठवत होती, एवढेच ती म्हणाली.

साखर ही मादक द्रव्याप्रमाणे व्यसन लावते काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ताबा सुटून, पुष्कळदा एकांतात, लाजेने झालेले असे वारंवार खाणे हा एक स्वतंत्र मनोविकार असल्याचे अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात नमूद केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घातलेली मर्यादा दोन हजार उष्मांकांच्या आहारात दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅम साखरेची, आणि शक्य तर २५ ग्रॅमची, म्हणजे सहा चमच्यांची आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींचा अंदाज दहा कोटींवर गेला. चमच्यांचे हे गणित ठाऊक असूनही ज्याचा हात थांबत नाही, अशा मनुष्यास आकड्यांची नव्हे, सोबतीची गरज असते. मद्यपी हा पापी नसून रुग्ण आहे, हे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून आपल्या समाजास शिकविले. तोच न्याय लाडवाच्या डब्यापाशी चोरासारख्या उभ्या असलेल्या स्त्रीस मिळावा.

माझी याचना दुहेरी आहे. खाण्यावरचा ताबा सुटून आपण ते कधी लपून खाता काय, हा प्रश्न आशाताईच्या तपासतक्त्यात घालावा, आणि तो घरच्यांसमक्ष न विचारता एकांतात विचारण्याची ताकीद द्यावी. उत्तर होकारार्थी आले, तर आशाताईने उपदेश न करता त्या व्यक्तीस समुपदेशकाकडे पाठवावे, आणि तो जवळ नसेल तेथे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. यास नवे खाते लागणार नाही; तक्त्यात एक ओळ आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात एक तास, एवढी तरतूद पुरेल.

त्या काळी कोणी मला हा प्रश्न विचारला असता, तर पहिल्या खेपेस मी बहुधा ‘नाही’ असेच उत्तर दिले असते. परंतु सरकारी कागदावर तो छापलेला पाहून, असे करणारी मी एकटीच नाही, हे मला वीस वर्षे आधी कळले असते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका