तळे आणि तळ

गळाने मासे धरण्याच्या छंदाभोवती इंग्रजीत जेवढे गंभीर ललित लेखन झाले आहे, तेवढे दुसऱ्या एखाद्या छंदाभोवती क्वचितच झाले असेल. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँग्लर' १६५३ साली प्रसिद्ध झाले. या छंदाला चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हणणे हे त्या पुस्तकाच्या उपशीर्षकापासूनच सुरू होते. हेमिंग्वेची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' (१९२५) आणि नॉर्मन मॅक्लीनची 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) या कथा त्याच परंपरेत शिकवल्या जातात. आपल्याकडे त्यांचे वाचन सहसा ठरावीक शब्दांत होते : शांतता, संयम, निसर्गाशी तादात्म्य. हे वाचन चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे असे मला वाटते. ज्या पाण्याकाठी ही शांतता लाभते त्या पाण्याचा इतिहास त्यात येत नाही. हे मुद्द्याने दाखवायचे तर अमूर्त चर्चेपेक्षा एकच तळे नीट पाहणे बरे. त्यासाठी मी न्यूझीलंडमधील तौपो हे तळे आणि तिथली हिवाळ्यातील ट्राउटची मासेमारी घेतो.

तौपो हे त्या देशातील सर्वांत मोठे तळे. ज्वालामुखीच्या उद्रेकाने खचलेल्या जमिनीत साठलेले हे पाणी सुमारे ६१६ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात. वर कोमट पाणी आणि खाली थंड, अशी स्थिती असते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा असल्याने तो तेव्हा खोल जातो. तिथला हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. या काळात वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली उतरते, थर मोडतात आणि वरचे-खालचे पाणी एक होते. तळे गोठत नाही, आणि मासा पुन्हा वरच्या पाण्यातही वावरू लागतो. याच महिन्यांत अंडी घालण्यासाठी रेनबो ट्राउट टोंगारिरो आणि इतर लहानमोठ्या नद्यांच्या मुखांशी जमतात व प्रवाहाविरुद्ध वर चढतात. म्हणून जगभर मासेमारीचा हंगाम उन्हाळ्याचा समजला जात असला तरी तौपोचे खरे दिवस थंडीचे.

वाइटाहानुई नदी तळ्याला मिळते तिथे या दिवसांत छंदी मासेमार कंबरभर पाण्यात, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, एका रांगेत उभे राहतात. या रांगेला इंग्रजीत 'पिकेट फेन्स' म्हणजे लाकडी खुंटांचे कुंपण असे नाव पडले आहे. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, बधिर झालेली बोटे, पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी, आणि तासन्तास तीच एक कृती. दोरी फेकायची, बुडू द्यायची, सावकाश ओढून घ्यायची. थंड पाण्यात मासा विनाकारण धावाधाव करत नाही, त्यामुळे माणसालाही आपला वेग उतरवावा लागतो. या लेखनपरंपरेला चिंतनाचा सूर का सापडला हे येथे सहज समजते. शारीरिक कष्ट, एकाग्रता आणि फळाची अनिश्चितता यांचा असा मेळ फार थोड्या कामांत असतो. साहित्याच्या अभ्यासकाला तर हे वर्णन आपल्याच वाचनाचे वाटावे.

परंतु ज्या माशासाठी हे सारे चालते तो या तळ्याचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये परदेशी प्राणी-वनस्पती रुजवण्यासाठी वसाहतवाल्यांच्या खास संस्था काम करीत होत्या. मूळची इंग्लंडची ब्राउन ट्राउट टास्मानियामार्गे आली आणि रेनबो ट्राउट कॅलिफोर्नियाहून. तौपोत ब्राउन ट्राउट १८८० च्या दशकात सोडली गेली आणि रेनबो १८९० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी तळ्यात कोआरो हा लहान देशी मासा विपुल होता. तळ्याकाठच्या न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे ते अन्न होते. ट्राउटने हा मासा खाऊन प्रथम अवाढव्य आकार धारण केला. पुढे खाद्यच आटल्यावर तीच ट्राउट रोडावली. सरकारला जाळी टाकून तिची संख्या कमी करावी लागली आणि नंतर तिला खायला म्हणून दुसरा एक लहान मासा, स्मेल्ट, तळ्यात आणून सोडावा लागला. आज ज्याला अस्पर्श निसर्ग समजून आपण वाचतो ती अशी पायरीपायरीने उभी केलेली व्यवस्था आहे. इंग्रजांनी काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यात ट्राउट आणली त्यामागेही हीच इच्छा होती. परक्या मुलखात आपल्या ओळखीचे पाणी हवे, ही ती इच्छा.

मासा आला की त्याच्यापर्यंत पोचण्याच्या हक्काचा प्रश्न येतो. तौपोची कीर्ती परदेशी पाहुण्यांपर्यंत गेली तेव्हा तळे आणि काठची जमीन तूफारेतोआंची होती. १९२६ च्या कायद्याने तळ्याचा तळ आणि तळ्याला मिळणाऱ्या नद्यांचे तळ ब्रिटिश राजसत्तेकडे गेले आणि काठाने लोकांना वाट मिळाली. मोबदला म्हणून जमातीच्या मंडळाला दरसाल ३००० पौंड आणि परवानाशुल्काचे उत्पन्न त्याहून अधिक झाल्यास वरच्या रकमेचा अर्धा भाग द्यायचे ठरले. त्याच १९२६ साली अमेरिकन कादंबरीकार झेन ग्रे याचे न्यूझीलंडमधील मासेमारीवरचे पुस्तक आले. त्याच्या शीर्षकात या देशाला 'अँग्लर्स एल्डोराडो' म्हटले आहे. एल्डोराडो म्हणजे स्पॅनिश आक्रमकांनी दक्षिण अमेरिकेत शोधलेली सोन्याची काल्पनिक भूमी. ही उपमा ग्रेला सहज सुचली असेल, पण ती फार बोलकी आहे. एकाच वर्षातील हे दोन दस्तऐवज, एक ललित आणि एक कायद्याचा, आपण शेजारी ठेवून वाचत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

यावर एक प्रामाणिक हरकत घेता येईल. थंड पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने दरवेळी शंभर वर्षांपूर्वीचा कायदा आठवायचा काय? शिवाय तळ्याची काळजी वाहणाऱ्यांत हे छंदी मासेमारही आहेत, त्यांच्या परवान्याच्या पैशांतून मासळीची देखरेख चालते, आणि तूफारेतोआ स्वतःही आज ट्राउट धरतात व खातात. हरकतीत तथ्य आहे. इतिहास एकाच दिशेने वाहिला असेही नाही. १९९२ साली तळाची मालकी जमातीला परत मिळाली आणि २००७ साली तो करार सुधारण्यात आला. लोकांना विरंगुळ्यासाठी तळे खुले राहिले, पण तळ कोणाचा हे आता कागदावर स्पष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकण्यास कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात घ्यावे. आपण धरलेला मासा खावा किंवा कोणाला द्यावा, पण त्याचा बाजार मांडता येत नाही. परका मासा बाजारापासून जपला गेला आणि ज्या देशी माशावर माणसे जगत होती तो मात्र त्या परक्या माशाच्या तोंडी गेला, हा विरोधाभास एखाद्या चांगल्या कादंबरीला पुरेल. मासेमाराला अपराधी ठरवावे असे माझे म्हणणे नाही. माझी अपेक्षा वाचकाकडून आहे.

या बाबतीत मराठी वाचकाला एक अनपेक्षित सोय आहे. इंग्रजीत 'फिशिंग' आणि 'अँग्लिंग' असे दोन शब्द आहेत. पहिल्यात पोटाचा व्यवसायही येतो, दुसरा छंदाची प्रतिष्ठा सांगतो. आपण दोन्हींना मासेमारी म्हणतो, आणि त्या शब्दाबरोबर कोळी, भोई, जाळे, होडी, बाजार हे सारे येते. गळाचे आपल्या भाषेत फारसे कौतुकही नाही. 'गळाला लागणे', 'आमिष दाखवणे' या प्रयोगांत फसवणूकच आहे. भाषांतर करताना ही उणीव वाटते आणि आपण 'अँग्लिंग'साठी एखादा गोंडस संस्कृत शब्द घडवू पाहतो. मला वाटते, तसे करू नये. छंद आणि पोट यांतील जी सीमारेषा तौपोच्या काठी निर्णायक ठरली, ती आपल्या शब्दात मुळी आखलेलीच नाही. 'पोटासाठी नाही तर मासा धरायचा कशाला?' असे एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात विचारले, तर ते अडाणीपणाचे लक्षण समजून हसण्यावारी नेऊ नये. समीक्षेची सुरुवात अशाच प्रश्नातून होते.

वॉल्टनच्या बाबतीतही हे खरे आहे. राजाचा १६४९ साली शिरच्छेद झाल्यानंतर चारच वर्षांनी, पराभूत राजपक्षाच्या बाजूचा हा लेखक नदीकाठच्या निवांतपणाचे पुस्तक प्रसिद्ध करतो. म्हणजे या परंपरेतील शांतता तिच्या उगमापासूनच राजकारणाला पाठ फिरवून मिळवलेली आहे. पाठ कशाकडे फिरवली हे कळले की त्या शांततेचे मोल कमी होत नाही, उलट ती कशी कमावली हे कळते.

निसर्गलेखन अभ्यासक्रमात आता बऱ्यापैकी रुळले आहे. ते शिकवताना वर्णनाच्या सौंदर्याइतकेच तीन साधे प्रश्न विचारायची सवय लागावी : हा मासा येथे कोणी आणला, त्याआधी येथे काय होते, आणि या पाण्याखालची जमीन कोणाची? तौपोच्या हिवाळ्याबद्दल हे प्रश्न विचारले तर तिथल्या पहाटेची शोभा उणावत नाही. रांगेत उभ्या माणसांना 'कुंपण' का म्हणतात, हे मात्र थोडे वेगळे ऐकू येऊ लागते.