चिठ्ठीवर वाचलेली बारा बाळं

सेंट व्हिन्सेंट म्हटलं की आपल्याकडे पुण्याच्या कॅम्पातली शाळा आठवते. तो व्हिन्सेंट द पॉल फ्रान्सच्या गॅस्कनी भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १५८१चा. २७ सप्टेंबर १६६०ला तो गेला आणि याच तारखेला कॅथलिक लोक त्याचा सण पाळतात. जहाजांवर वल्ही मारायला जुंपलेले साखळदंडातले कैदी, भिकारी, ज्यांच्या सावलीलाही कुणी उभं राहत नसे असे सगळे त्याने जवळ केले. त्यातलं एकच काम आज घेतो, कारण तेच काम पुढे आपल्या पंढरपुरातही झालं.

सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये चर्चच्या दाराशी, गल्लीबोळांत टाकलेली तान्ही मुलं उचलून ‘ला कूश’ नावाच्या एका घरात नेऊन ठेवत. सांभाळायला एक बाई आणि एकदोन मोलकरणी. दूध पुरायचं नाही, मग रडणं थांबवायला अफूची गोळी. काही मुलं चक्क विकली जात. भाव आठ सू, म्हणजे किरकोळ नाणी. पन्नास वर्षांत इथलं एकही मूल जगल्याचं ऐकिवात नाही, असं खुद्द व्हिन्सेंट सांगे. १६३८मध्ये त्याने आणि त्याची सहकारी लुईज द मारियाक हिने त्यातली बारा मुलं बाहेर काढली. सगळी घ्यायला पैसे नव्हते. निवड कशी करायची? चिठ्ठ्या टाकल्या.

बाकीच्यांचं काय, हा प्रश्न आपल्याला पडतो तसा त्यालाही पडला असणार, कारण दोनच वर्षांत त्याने सगळ्याच मुलांची जबाबदारी घेतली. पैसे देणाऱ्या उमराव घरच्या बायका मात्र कां कूं करत होत्या. आजाऱ्यांना, गरिबांना द्यायला त्यांची ना नव्हती. ही पापाची मुलं, यांना कशाला? १६४७च्या सुमारास खजिना आटला आणि काम बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा व्हिन्सेंटने त्यांना सुनावलं, की आता आईपण बाजूला ठेवून न्यायाधीश व्हा आणि या पोरांनी जगायचं की मरायचं याचा निकाल तुमच्याच तोंडाने द्या. काम बंद पडलं नाही.

या सगळ्यात श्रेय व्हिन्सेंटला मिळतं आणि लुईज मागे राहते. तिला संतपद मिळायला १९३४ साल उजाडलं. त्याला १७३७मध्येच मिळालं होतं. खरं तर दूध पाजणाऱ्या दायांची व्यवस्था लावण्याचं किचकट काम तिने आणि तिच्या संघातल्या सेवाव्रती भगिनींनी निभावलं. आणि ती स्वतः विवाहबाह्य संबंधातून जन्मलेली. वडील नामांकित घराण्यातले, आई कोण ते कुणालाच ठाऊक नाही. पापाची मुलं कशाला, असं म्हणणाऱ्या बायकांपुढे ही बाई हिशेब मांडून बसत असेल, तेव्हा तिच्या मनात काय चालत असेल?

आता पंढरपूर. विधवेला घराबाहेर पडायला तीर्थयात्रा हे एकच निमित्त चालायचं, त्या काळात लालशंकर उमियाशंकर नावाचे गुजराती गृहस्थ तिथे सबजज्ज होते. इथे न्यायाधीश खराच होता, फक्त त्याने निकाल कोर्टाबाहेर दिला. १८७५मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, पुढे ते मुंबईच्या प्रार्थना समाजाने चालवलं. नवरंगे बालकाश्रम म्हणून पंढरपूरकर ओळखतात ती हीच संस्था.

त्याआधी, १८६३मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात हेच केलं होतं. १८८४च्या एका टिपणात जोतीराव हिशेब देतात: गरोदर विधवा आल्या ३५, मुलं जगली फक्त ५. उरलेली तीस, पोट लपवायला आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच इजा होऊन गेली, असा त्यांचा निष्कर्ष. हा आकडा मला ला कूशइतकाच भयंकर वाटतो. पाळणा कितीही मऊ असो, बाई भीतीने आधीच विष पिऊन बसली असेल तर तो काय करणार? व्हिन्सेंटच्या माणसांच्या हाती मूल येई तेव्हा आई अंधारात निघून गेलेली असे. जोतीराव-सावित्रीबाईंनी तिच्यासाठीच दार उघडलं, तेही बाळंतपणाच्या आधी. माझ्या मते हे पाऊल त्या संताच्या पुढचं आहे.

आज आपण कुठे आहोत? आतल्या पानावर चार ओळी येतात: झुडपात कापडात गुंडाळलेलं अर्भक, सिव्हिलमध्ये उपचार सुरू, अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा. मथळ्यात ‘निर्दयी माता’ ठरलेली. बापाचा उल्लेख नाही. तो अज्ञातसुद्धा नसतो. दुसऱ्या दिवशी दत्तक घ्यायला तयार असलेल्यांचे फोन येतात. बाळाबद्दल कळवळा वाटायला आपल्याला काहीच मोजावं लागत नाही.

कायदा मात्र आपल्या मथळ्यांपेक्षा शहाणा आहे. मूल सांभाळणं शक्य नसेल तर आई ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवू शकते. निर्णय फिरवायचा झाला तर तिला ६० दिवस मिळतात. हे शेवटच्या महिन्यांतल्या किती मुलींना ठाऊक आहे? ऊसतोडीला गेलेल्या, कारखान्यात राबणाऱ्या, कॉलेजला म्हणून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला हे सांगणार कोण? गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई सांगू शकतील, पण त्यांच्याशी बोललं की गावभर होईल ही धास्ती असतेच.

आत्महत्येच्या बातमीखाली हेल्पलाइनचा नंबर छापायची पद्धत आता बऱ्यापैकी रुळली आहे. तशीच टाकलेल्या अर्भकाच्या प्रत्येक बातमीखाली एक चौकट यावी: समितीचा पत्ता, साठ दिवसांची मुदत आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८. जागेची अडचण असेल तर मथळ्यातलं ‘निर्दयी’ काढा.