हलकं खा, पण किती हलकं?

"वय झालं, आता हलकं खात जा." साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मुलगा म्हणतो, सून म्हणते, फिरायला येणारी मंडळीही म्हणतात. सगळे प्रेमानेच म्हणतात, आणि आपल्यालाही पटतं. म्हातारपणी जेवण कमी करणं म्हणजे संयम, हे मनात पक्कं बसलेलं असतं ना! मला मात्र हे पटत नाही.

हलकं म्हणजे आपण नेमकं काय खातो? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पातळ वरण-भात, चार वाजता परत चहा, रात्री दूध-पोळी नाहीतर मऊ खिचडी. मधेच एकादशी, चतुर्थी. त्या दिवशी साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट! पोट भरतं, पण स्नायूंना काय मिळतं?

थोडं गणित करू (शाळेची सवय, जात नाही!). हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने वजनाच्या दर किलोला रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. उतारवयात स्नायू झिजतात, म्हणून बरेच तज्ज्ञ किलोला एक ग्रॅम किंवा थोडं जास्तच धरायला सांगतात. आता जमा बाजू बघा. कपभर दुधात साधारण 6 ग्रॅम, एका अंड्यात 6, वाटीभर घट्ट वरणात 6-7, पोळीत 3. वर लिहिलेला 'हलका' दिवस मोजा. तिशी गाठतानाच दमछाक होते.

याचे परिणाम हळूहळू दिसतात. आधी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, मग जिना नकोसा होतो. मग एखाद दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर कित्येकांचं घराबाहेर पडणंच थांबतं. आपण म्हणतो, वयच झालं होतं. वय तर होतंच, पण ताटही रिकामं होतं.

गंमत म्हणजे यावरचा एक उपाय आपल्या विदर्भातच करून बघितला गेला होता. 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमाच्या जेवणात सोयाबीन आणलं आणि त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिलंही. तेव्हा ते स्वतः पासष्टीच्या पुढे होते. आज विदर्भात सोयाबीन उदंड पिकतं. पण आपल्या घरात येतं ते त्याचं तेल, आणि प्रथिनं असलेली पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. कोंबड्यांची चंगळ, आपण मात्र टोस्टवर!

महागडे डबे आणायची गरज नाही. दहा वाट्या गव्हात एक वाटी सोयाबीन भाजून दळून आणा. वरण घट्ट करा. दात नसतील तर झुणका आहे, मुगाचं धिरडं आहे, दाण्याचं कूट आहे. दही रोज घ्या. शाकाहारी मंडळींनी बी-12 एकदा तपासून घ्यावं, विशेषतः मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर. फक्त मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

एक गोष्ट मात्र कुठल्याही तक्त्यात बसत नाही. "एकटीसाठी काय करायचं?" असं म्हणून कितीतरी बायका रात्री चहात पोळी बुडवून खातात. जन्मभर सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाल्लं, आता स्वतःसाठी कढई चढवायला हात धजत नाही. याला मी संयम म्हणणार नाही. ही स्वतःची हेळसांड आहे.

तेव्हा मुलांनो, फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारू नका, "काय जेवलीस?" तेही विचारा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, खरं खरं उत्तर द्या!