कंसातला आकडा

परवा एका साइटवरून लॉगची फाइल आली. टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारा आमचा ईएसपी३२ वाला बॉक्स सारखा रीस्टार्ट होत होता. ईएसपी-आयडीएफचा डिफॉल्ट फॉरमॅट तुम्हाला माहीतच असेल: आधी लेव्हलचं अक्षर, मग कंसात आकडा, मग टॅग आणि मजकूर. तो आकडा म्हणजे बूट झाल्यापासूनचे मिलिसेकंद. रीस्टार्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे बॉक्स नऊ वेळा पडला हे दिसत होतं, पण कधी पडला ते देवालाच ठाऊक!

दोन दिवस आम्ही तिथल्या ऑपरेटरना फोनवर सांगत होतो, "काका, वायर नीट बसवा." तेही बिचारे मुकाट बसवत होते. शेवटी तेच म्हणाले, "साहेब, बाजूची मोटर चालू केली की याचा दिवा जातोय बघा." झालं! फाइलीत घड्याळाची वेळ असती तर मोटरच्या वेळेशी ताडून पाच मिनिटांत कळलं असतं. आमची चूक काकांच्या माथी गेली नसती.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. लॉगचा फॉरमॅट आपल्या टेबलासाठी नाही, साइटसाठी ठरवायचा. टेबलावर आपण समोर असतो, म्हणून मिलिसेकंद पुरतात.

मेनूकॉन्फिगमध्ये जाऊन टाइमस्टॅम्प सिस्टिम टाइमवर नेता येतो. पण ईएसपी-आयडीएफच्या जुन्या व्हर्जनमध्ये तिथेही तास-मिनिटं-सेकंदच मिळायचे, तारीख नाही. शिवाय सप्लाय गेला की नेटवरून वेळ मिळेपर्यंत घड्याळ १९७० सालात! म्हणून आता आम्ही बूट होताच एक ओळ लिहितो: फर्मवेअरचं व्हर्जन, कितवा बूट, रीसेटचं कारण. वेळ मिळाली की पूर्ण तारखेची दुसरी ओळ. आणि फाइलीत जाणाऱ्या लॉगचे रंग बंद. स्क्रीनवर छान दिसणारा हिरवा रंग फाइलीत प्रत्येक ओळीला ११ बाइटचा कचरा होतो.

"मग सगळंच छापू की," असं कुणी म्हणेल. तसंही नको. ११५२०० बॉडला सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांची एक ओळ सुमारे ७ मिलिसेकंद खाते. थोडंच लिहा, पण कधी आणि का ते लिहा.

असो. काकांना फोन करून सॉरी म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "आधी विचारायचं ना!"